आईला रक्त पातळ होण्याची गोळी सुरू झाली आहे. पालेभाज्या पूर्ण बंद कराव्यात का? दात काढायचा असेल तर गोळी किती दिवस थांबवावी?

पालेभाज्या बंद करा असं डॉक्टरांनी सांगितलंय की घरातल्या कुणी? मला दुसरीच शंका येतेय, म्हणून लिहितेय.

माझ्या आईची हृदयाची मायट्रल झडप बदलल्यापासून ती एसिट्रोम या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर आहे. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा, २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा; तो जेवढा वर, तेवढा रक्तस्रावाचा धोका जास्त. डिस्चार्ज मिळाल्या दिवशीच मामाने फर्मान काढलं: पालक, मेथी, कोबी सगळं बंद. आई आमटीतली कोथिंबीरसुद्धा वेचून ताटाच्या कडेला ठेवायला लागली. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं हे खरंय. पण डोस बसवतात तो रोजच्या जेवणावर. भाजी एकदम सोडली की तोच डोस जास्त पडू शकतो. नेहमी जेवढी खाता तेवढीच खा. चातुर्मासात पालेभाजी सोडणार असाल तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

मामा एवढ्यावर थांबला असता तर! आईचे गुडघे दुखतात म्हणून तो तिला ओळखीच्या दवाखान्यात घेऊन गेला. कंबरेत इंजेक्शन, वर डायक्लोफेनॅक या पेनकिलरच्या गोळ्या. रात्री तिला कूस बदलता येईना. सकाळी बघते तर कुल्ल्यापासून मांडीपर्यंत काळंनिळं, हात लावला तर आत दगडासारखं घट्ट. आयएनआर ७ च्या वर. अॅडमिट करावं लागलं. आणि मामा आजही लग्नकार्यात चारचौघांत सांगतो, "ते उंदराच्या औषधाने झालं."

हो मामा, याच जातीचं वॉर्फरिन १९४८ पासून उंदीर मारायला वापरत, आणि १९५४ पासून ते माणसांना देतात. म्हणूनच ही गोळी चालू असताना कंबरेत सुई टोचायची नसते आणि पेनकिलर मनाने द्यायची नसते. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून आणि बेताने.

दाताचं म्हणाल तर स्वतःच्या मनाने गोळी एक दिवसही थांबवू नका. गुठळी होऊन लकवा मारू शकतो. साधा एखादा दात बऱ्याचदा आयएनआर बघून, गोळी चालू ठेवूनच काढतात. डेंटिस्टला आधी सांगा म्हणजे झालं.

आणि हो, हे सगळं एसिट्रोम-वॉर्फरिनचं. तुमच्या आईची गोळी रिव्हारोक्साबॅन किंवा एपिक्साबॅन असेल तर पालेभाजीचं पथ्य नाही, आयएनआरच्या फेऱ्याही नाहीत. दाताचं मात्र डॉक्टरच ठरवतील, पेनकिलरचं तेच. शौचाला डांबरासारखी काळी झाली, लघवीतून रक्त गेलं किंवा डोक्याला मार लागला, तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल गाठा.