बाबांची आरएक्स १०० कशी विकू?

प्रश्न : वडील दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांची १९९१ची यामाहा आरएक्स १०० गोठ्यात झाकून ठेवलीय. आरसी बुक त्यांच्याच नावावर, पासिंग कधीच संपलंय. एक गिऱ्हाईक रोख घेऊन दारात येतंय. म्हणतं, "दादा, टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या) सही करा, पुढचं मी बघतो." देऊ का? 'व्हिंटेज' म्हणून जास्त मागू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सही कोणाची करणार? मालक कागदोपत्री अजून बाबाच आहेत. आधी मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती जोडून फॉर्म ३१ भरा, गाडी तुमच्या नावावर येऊ दे. उशीर झालाय, थोडा दंड बसेल. मग फॉर्म २५ भरून पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण. ते पाच वर्षांचं मिळतं. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, म्हणजेच ते टीटी फॉर्म, त्यानंतर.

मी माझी राजदूत अशीच कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली होती. तीन वर्षांनी परजिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन : "तुमच्या गाडीनं एकाला उडवलंय." अपघाताच्या भरपाईला नोंदणीतला मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्टच सांगितलंय. तेव्हा गाडी दिल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवा, आणि आरसीवर नाव बदललेलं डोळ्यांनी बघा.

व्हिंटेजचं विसरा. २०२१च्या नियमानुसार त्याला पन्नास वर्षं लागतात आणि आरएक्स १०० आपल्याकडे आलीच १९८५ला. भाव आहे तो ओरिजिनलपणाला. जाणकार आधी टूटी ऑइलचा (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑइलचा) पंप बघतो. बऱ्याच जणांनी तो बंद करून ऑइल थेट पेट्रोलमध्ये टाकलेलं असतं. मग कार्बोरेटर मूळचा, मिकुनी कंपनीचाच आहे का, सायलेन्सरमधली जाळी शाबूत आहे का. रंग मारू नका; नव्या रंगाखाली गंज लपवलाय असाच संशय येतो. हँडलच्या गळ्यावरचा चेसिस नंबर मात्र रॉकेलच्या फडक्यानं पुसा. पॉलिश पेपर लावू नका! पासिंगला त्याचा पेन्सिलीनं छाप घेतात. आकडे झिजले तर आरटीओचा साहेब चोरीची गाडी असल्यासारखं बघतो.

पासिंग आणि विमा होईपर्यंत गिऱ्हाइकाला रस्त्यावर चक्कर मारू देऊ नका. दारातच किक मारून दाखवा. थंड इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू झालं, तर आकडा आधी त्यालाच बोलू द्या.