जुन्या बुलेट 350 ला मागे 18 ची रिम आणि 120/90 टायर टाकला तर हँडलिंग सुधारेल का?

नाही, उलट वळणावर गाडी जड लागेल, दिसायला भारी दिसेल तेवढंच. कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी) इंजिनच्या जुन्या बुलेटला पुढे-मागे दोन्हीकडे 3.25-19 टायर येतो (3.25 इंच रुंद, 19 इंची रिम) म्हणजे रुंदी साधारण 82 एमएम, आता मागे एकदम 120 घातला की तेवढ्याच वळणाला गाडी जास्त झुकवावी लागते आणि पुढचा बारीक टायर आधी वळायला बघतो, मागचा रेंगाळतो. आणि रिम 18 ची म्हणजे गाडी खाली बसेल असं बरेच जण धरून चालतात, तसं होत नाही, हिशोब करून बघा:

- 3.25-19: उंची साधारण 655 एमएम
- 120/90-18: 457 (18 इंची रिम) + 108 + 108 (वर-खाली टायरची जाडी, 120 च्या 90 टक्के) = 673 एमएम

म्हणजे फरक 18 एमएम, त्याच्या निम्म्याने मागचा भाग उलट 9 एमएम वर जातो, स्टिअरिंगचा ट्रेल (स्टिअरिंगची रेष जमिनीला टेकते तिथपासून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) किंचित कमी होतो. हा फरक तसा मामुली, खरा त्रास रुंदीचाच, शिवाय चेनगार्डला घासतोय का ते चाक हाताने फिरवून बघावंच लागतं. मात्र थोडी जास्त ग्रिप हवी असेल तर मूळ 19 च्याच रिमवर मागे 3.50 बिनधास्त टाका, त्याने बॅलन्स बिघडत नाही.