प्रश्न तुमचे : 'तू माझं व्यसन आहेस'

प्रश्न : माझी भाची पुण्याहून इथे फाइन आर्ट्सला शिकायला आली आहे. दांडिया बाजारात माझ्याकडेच राहते. तिच्या वर्गातला एक मुलगा तिला रोज गाण्यांच्या ओळी पाठवतो. तू माझी नशा, तू दिसली नाहीस की हात थरथरतात, असलं काहीबाही. परवा त्याने स्वतःच्या मनाने लिहिलं, 'तू माझं व्यसन आहेस.' तिने ते कौतुकाने स्टेटसला लावलं. माझे सासरे पीत. दारूबंदी असली तरी रात्री कोणीतरी पोटली आणून द्यायचंच. तो शब्द वाचला आणि माझ्या पोटात गोळा आला. भाची म्हणते, "आत्या, गाण्यातलं आहे गं ते!" मी जुनाट झाले आहे का?
— एक आत्या, वडोदरा

उत्तर : ताई, जुनाट कशाच्या? भाचीने हा शब्द इअरफोनमध्ये ऐकला, तुम्ही तो रात्री साडेअकराला जिन्यावर ऐकलात. एवढाच फरक.

व्यसनमुक्ती केंद्रात एकवीस वर्षं समुपदेशक म्हणून काढली, तरी आधी गाण्यांची बाजू घेते. मला आवडतात ती. नवरात्रात मैदानावर एखादं लागलं की गुडघे दुखत असूनही पाय हलतो. आणि प्रेमाला मद्य म्हणायची खोड आजची नाही. फारसी कवितेत साकी आणि प्याला शतकानुशतकं आहेत. तिथून ते उर्दूत आले, उर्दूतून हिंदी सिनेमात. मराठीत गझल रुजवणारे आणि उमर खय्यामच्या रुबाया थेट फारसीतून आणणारे माधव जूलियन तर आपल्याच बडोद्यात जन्मले, १८९४ साली. (हेच गृहस्थ पुढे १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून मराठीतले फारसी-अरबी शब्द हाकलायला निघाले. आधी प्याला हातात द्यायचा आणि मग बंदी आणायची, शेवटी माणूस बडोद्याचाच!)

या गाण्यांतली नशा बहुतेक वेळा पहिल्या घोटाची असते. डोळे जड, पाय हलके, जग गुलाबी. तिसऱ्या रात्रीचं गाणं कोणी करत नाही. दारू एकदम सुटलेल्या माणसाची तिसरी रात्र मी पाहिली आहे. हात कापतात, भिंतीवर मुंग्या दिसतात, एखाद्याला झटके येतात, डॉक्टर जवळ नसेल तर जीवही जातो. इंग्रजीत रॉबर्ट पामरचं 'ॲडिक्टेड टू लव्ह' हे १९८६ सालचं गाणं मात्र निराळं. झोप लागत नाही, जेवण जात नाही, असं ते समोरच्याला एकेक लक्षण वाचून दाखवतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू फुटलं. आमचा भरतीचा फॉर्म कोणीतरी चालीवर म्हणतंय असं वाटलं.

मराठी गाणं या बाबतीत जरा शहाणं आहे असं माझं मत. आपल्याकडे प्रेमात 'वेड' लागतं. २०१६ साली 'सैराट'मधल्या गाण्यानं सगळ्या महाराष्ट्राला (आणि इथल्या आमच्या मंडळालाही) 'याड' लावलं. नाद, छंद, खूळ, चटक, गोडी, केवढे शब्द आहेत बघा. वेड ज्याला लागतं त्याचं त्याला लागतं, त्यात समोरच्याला कोणी पीत नाही.

'व्यसन' हा शब्द घरच्यांचा. बायको म्हणते, आई म्हणते, फार तर शेजारी म्हणतात. माझ्यासमोर बसलेल्या एकानेही पहिल्या दिवशी 'मला व्यसन आहे' असं सांगितलं नाही. 'थोडी घेतो', 'कंपनीसाठी', 'शनिवारीच' हीच भाषा. हा शब्द तोंडातून निघायला काहींना चौथी भरती लागली, आणि निघाला तेव्हा ते मान खाली घालून रडत होते. म्हणून जो मुलगा तो इतक्या ऐटीत टाइप करतो, त्याला व्यसनबिसन काही नाही. त्याला ओळ सुचली आहे. वय आहे, सुचू द्या.

मला खुपतं ते दुसरंच. पिणारा बाटलीला कधी विचारत नाही, तुला आज उघडायचं आहे का? मुलगी नशा झाली की तिचं काम उरतं फक्त चढायचं. आणि ती नाही म्हणाली तर? बाटली कुठे नाही म्हणते! 'तुझ्याविना मरेन' हे गाण्यात दोन ओळींत संपतं, पुढे कडवं बदलतं. खरोखरीच्या आयुष्यात ते रात्री दोनच्या सतरा मिस्ड कॉलमध्ये येतं.

तेव्हा भाचीला स्टेटस काढायला लावू नका. काढेल आणि दुसऱ्या फोनवर ठेवेल. तिला एवढंच विचारा, एखाद्या संध्याकाळी कंटाळा आला म्हणून तू उत्तर दिलं नाहीस, तर तो काय करतो? दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये 'काल कुठे होतीस गं' म्हणून चहा सांगत असेल तर पोरगा बरा आहे, त्याला एकदा घरी बोलावून सेव-उसळ खाऊ घाला. रुसत असेल, तिच्या मैत्रिणींना फोन लावत असेल, स्वतःला काही करून घेईन म्हणत असेल, तर गप्प बसू नका. भावाला कळवा, गरज पडली तर विद्यापीठात तक्रार करा. आणि एक सांगू? सासऱ्यांबद्दल तिला बोला. पावलांच्या आवाजावरून किती झाली आहे हे ओळखणाऱ्या तुमच्या सासूबाईंवर कोणी गाणं केलेलं नाही. ते तिने कोणाकडून ऐकायचं?

प्रश्न : प्रेम आणि ड्रग्ज मेंदूत एकसारखेच असतात असं रील्समध्ये सांगतात. खरं आहे का?
— बारावी सायन्स, अलकापुरी

उत्तर : अर्धं. हेलन फिशर, आर्थर ॲरन, लूसी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेमात पडलेल्या १७ जणांना त्यांच्या माणसाचा फोटो दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. २००५ मध्ये ते छापून आलं. डोपामिन हे ओढ लावणारं रसायन तयार करणारा मेंदूतला खोलवरचा भाग त्यात जागा झालेला दिसला. २०१० मध्ये त्यांनी प्रेमभंग झालेले १५ जण घेतले. त्यांच्यात कोकेनची तलफ येताना जे भाग जागे होतात, त्यांतलेही काही दिसले. इथवर रील बरोबर. पण ती वाट काही कोकेनसाठी बांधलेली नव्हती. भुकेल्याला अन्नाची ओढ, आईला बाळाची ओढ याच वाटेनं येते. कोकेन त्या घरात मागच्या दाराने शिरतं. म्हणजे नक्कल अमली पदार्थ करतात, प्रेम नाही. गाण्यांनी ते उलटं केलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ च्या आपल्या मनोविकारांच्या यादीत जुगाराला व्यसनांच्या प्रकरणात बसवलं, प्रेमाला नाही बसवलं. त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेला हे कारण चालणार नाही.

प्रश्न : मी दिवसभर गाणी ऐकते. सासरे म्हणतात, हेही व्यसनच. तुम्हीच सांगा.
— एक सून, मांजलपूर

उत्तर : सासऱ्यांकडे आधार आहे, काय करणार! संस्कृतात 'व्यसन' म्हणजे मुळात संकटसुद्धा. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळायची, कामातून म्हणजे भोगाच्या इच्छेतून उपजणारी दहा व्यसनं दिली आहेत. शिकार, जुगार, परनिंदा, स्त्रिया, मद्य, नाच, गाणं, वाद्य, उगाच भटकणं. ही नऊ झाली. दहावं दिवसा झोपणं. सासरे जेवल्यावर दुपारी काय करतात, तेवढं बघून ठेवा.