'इकॉलॉजिकल सिटिझनशिप'ला मराठीत काय म्हणावं?

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या लघुसंशोधनाचा विषय 'छात्राध्यापकांमधील इकॉलॉजिकल सिटिझनशिप' असा आहे. शीर्षकात 'पर्यावरणीय नागरिकत्व' लिहावं की 'पारिस्थितिकीय नागरिकता'? कुणीतरी त्यांना सांगितलं की दोन्ही एकच.

ताई, दोन्ही एकच नाहीत.

'नागरिकता' हे हिंदीचं वळण आहे. राज्यघटनेच्या दुसऱ्या भागाचं नाव हिंदीत 'नागरिकता' आणि मराठीत 'नागरिकत्व' आहे, तेव्हा तिथे शंका नको. 'पारिस्थितिकीय' मात्र मला जास्त खटकतो. मराठी कानाला 'परिस्थिती' म्हणजे घरची परिस्थिती, हलाखीची परिस्थिती. त्या शब्दातून झाडं, पाणी, किडामुंगी डोळ्यांपुढे येतच नाहीत.

उरतात 'पर्यावरण' आणि 'परिसंस्था', म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर मिळून होणारी व्यवस्था. परि अधिक आवरण म्हणजे भोवतालचं वेष्टन. त्यात माणूस मधोमध उभा असतो आणि बाकी सगळं त्याच्याभोवती. परिसंस्थेत तो आतला एक घटक असतो, गांडुळासारखाच. मूळ 'इकॉलॉजी' या शब्दातही हा आतलेपणा आहे. हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञानं 1866 मध्ये तो घडवला तो ग्रीक 'ओइकोस'वरून, आणि ओइकोस म्हणजे घर.

अँड्र्यू डॉब्सन या ब्रिटिश अभ्यासकानं 2003 मध्ये 'एन्व्हायर्न्मेंटल' (पर्यावरणीय) आणि 'इकॉलॉजिकल' या दोन नागरिकत्वांतला भेद नीट मांडला. स्वच्छ हवा हा माझा हक्क आहे, तो सरकारनं द्यावा, ही मागणी पर्यावरणीय नागरिकत्वाची. दुसऱ्या, म्हणजे इकॉलॉजिकल प्रकारात भर कर्तव्यावर असतो. माझ्या जगण्याचा भार जिथे जिथे पडतो तिथपर्यंत माझी जबाबदारी जाते, मग तिथला माणूस माझ्या गावचा, देशाचा नसला तरी, आणि तो मला परत काही देणार नसला तरी. स्वयंपाकघरातलं वागणंही यात मोजलं जातं.

पुण्याचं उदाहरण घ्या. शहराचा कचरा वर्षानुवर्षं शहरालगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या डेपोत गेला. तिथल्या लोकांनी आंदोलनं केली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. 'माझ्या गल्लीतला कचरा वेळेवर उचला' असं म्हणणारा पुणेकर पर्यावरणीय हक्क मागत असतो. ओला-सुका कचरा वेगळा करताना ज्याच्या मनात त्या कचऱ्यानं नासलेली फुरसुंगीची विहीर असते, त्याच्या वागण्याला मी 'परिसंस्थीय नागरिकत्व' म्हणेन. शीर्षकात हेच लिहा.

घटनेतलं कलम 51क(छ) तुम्ही उद्धृत करालच. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं आलेलं हे कलम वनं, सरोवरं, नद्या यांच्या रक्षणाचं कर्तव्य सांगतं. पण ते भारताच्या नागरिकाचं कर्तव्य आहे, त्याला देशाची हद्द आहे. हा फरक प्रकरणात एका वाक्यात नोंदवा.

आणखी एक सुचवावंसं वाटतं. '-त्व' आणि '-पण' यांत मराठीनं सुंदर भेद जपला आहे. 'मातृत्व' हा शब्द रजेच्या अर्जावर येतो, 'आईपण' निभावावं लागतं. नागरिकत्व मिळतं, रद्दही होतं. 'नागरिकपण' मात्र वागण्यातूनच दिसेल. शीर्षकाला तो शब्द अनोळखी वाटेल, पण विवेचनात जरूर वापरून पाहा. आणि छात्रसेवाकालात, म्हणजे शाळेतल्या सरावाच्या काळात, चौथीच्या वर्गावर पाठ घेताना यातला एकही जड शब्द नको. मुलांकडे 'परिसर' हा शब्द आधीच आहे, परिसर अभ्यासाचं पुस्तक त्यांच्या दप्तरातच असतं.

प्रश्नावली करताना 'जाणीव' आणि 'नागरिकत्व' यांची गल्लत टाळा. 'प्लॅस्टिक घातक आहे असे मला वाटते' हे विधान जाणीव मोजतं. त्याऐवजी 'माझ्या सराव पाठाचे शैक्षणिक साहित्य पाठानंतर कुठे जाते, हे मी पाहतो/पाहते' असं विचारा. थर्माकोलचे तक्ते आणि प्रतिकृती किती होतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.