लँडस्केपसाठी पहिली वाइड लेन्स

आधी कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, बघा. फुल फ्रेमला (मोठा सेन्सर) १६-३५ मिमी, क्रॉप सेन्सरला (त्याहून लहान) १०-१८ किंवा १०-२० मिमी झूम घ्या; मिमीचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद. सध्या याहून वाइड नकोच. एफ/२.८ च्या मागे लागू नका; एफचा आकडा लहान म्हणजे लेन्स जास्त उघडते, एवढंच. लँडस्केप बहुतेकदा एफ/८ ते एफ/११ वरच काढतात, एफ/४ ची लेन्स पुरते आणि ओझंही कमी.

नवशिके हमखास चुकतात ते लेन्स घेतल्यावर, फोटो काढताना. सगळं फ्रेममध्ये मावतंय म्हणून लांबूनच क्लिक करतात. मग डोंगर टेकाडाएवढा दिसतो आणि पुढे नुसती रिकामी जमीन. एखादा दगड, गवताचा झुपका शोधा, गुडघ्यावर बसा, हातभर अंतरावर जा. फोटोत खोली लगेच येईल, बघाच!

आणि हो, पुढची काच फुगीर असेल तर साधे स्क्रूचे फिल्टर (लेन्सपुढे लावायच्या काचा) सहसा बसत नाहीत. घेण्याआधी तपासा.