चोरखिसा: नगदी अंगावर घेऊन निघताना जाकीट कसं असावं

दारव्ह्याकडं आमचं गाव, चौकात टेलरिंगचं दुकान, तीस-बत्तीस वर्षं झाली. पँट-शर्ट आता सगळे रेडिमेडच घेतात, पण दिवाळी झाली अन् कापूस निघाला की लोक हळूच दुकानात येतात, इकडं तिकडं पाहतात अन् म्हणतात, भाऊ एक आतला खिसा मारून द्या ना. यंदा प्रश्न लय आले म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्रश्न: जिनिंगवर व्यापाऱ्याले कापूस देतो, लाख-दीड लाख नगदी भेटते, मंग एसटीनं घरी. पिशवी धरली तर सगळ्यायचं लक्ष पिशवीवर. जाकीट कोणतं घ्यावं? (वणी तालुका)

दादा, सीसीआयला (सरकारी कापूस खरेदी) दिला तर पैसा सरळ खात्यात येतो, चोरखिशाचं कामच पडत नाही. पण तिथली लाईन अन् ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत, हे सगळ्यांना झेपत नाही हे मला माहीत आहे. अन् एक ध्यानात ठेवा, २ लाख किंवा त्याच्या वर रोख एका माणसाकडून एका दिवसात घेणं आयकराच्या कायद्यात बसत नाही, तेवढं असलं तर चेक नाहीतर आरटीजीएस मागा.

आता जाकीट. नवीन घेऊच नका. तुम्ही रोज घालता तेच आणा, कॉलर घासलेलं असलं तर अजून चांगलं. बाजाराच्या दिवशीच एखादा नवंकोरं जाकीट घालून निघाला की चोराला वेगळं सांगावं लागत नाही. थंडीत जाकीट कोणी पाहत नाही, पण तेच एप्रिलमधे घातलं, बाहेर ४३-४४ डिग्री, तर गावचं कुत्रंही वळून पाहील. उन्हाळ्यात सदऱ्याच्या आत बंडी घाला (आमच्याकडं बंडी म्हणजे बैलबंडी पण होते, एक पाहुणा पुण्याहून आला होता तो 'बंडीत पैसे ठेवले' ऐकून कोठ्यात जाऊन कडबा उचकत बसला होता).

खिसा डाव्या बगलेखाली, मुंढ्यापासून (बाही जोडतात तिथून) चार बोटं खाली. तिथं हात आपोआप झाकण होतो, अन् उजव्या हातानं काढता पण येतं. छातीवरचा बाहेरचा खिसा बिलकुल नाही. माझा स्वतःचा एका बाजाराच्या गर्दीत ब्लेडनं कापला गेला, घरी येऊन शर्ट काढला तेव्हा समजलं, खिसा जागेवर अन् आतून आरपार खिडकी! तेव्हापासून मी चोरखिशाला दुहेरी मांजरपाट (जाडंभरडं सुती कापड) लावतो अन् मधात जुन्या जीन्सचा तुकडा. ब्लेड लागतच नाही असं नाही, पण जोर लावावा लागतो अन् जोर लावला की माणसाला कळतं.

मांजरपाट आधी धुऊन, वाळवून मगच कापायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात खिसा आखडतो. अस्तराचं चकचकीत सॅटिन खिशाला लावू नका, बंडल त्यात मासोळीसारखं सरकतं. ५०० ची नोट १५० मिलिमीटर लांब अन् ६६ रुंद, शंभरची गड्डी म्हणजे ५० हजार, अन् वापरलेल्या नोटांची गड्डी फुगते. म्हणून खिसा १७ सेंटिमीटर खोल, ९ रुंद, एकात एकच गड्डी. दीड लाख असले तर तीन खिसे, दोन डावीकडं एक उजवीकडं, सगळे एकाच जागी नाही. वरून पट्टी अन् टिचबटण. चेन लावली तर नोटा दातात अडकतात, अन् वेल्क्रो तर लावूच नका, एसटीत चर्रर्र आवाज झाला की मागच्या सीटवरचा पण उठून पाहतो. घामाचं म्हणाल तर दुधाची जाड पिशवी धुऊन, त्यात गड्डी गुंडाळून ठेवा.

अन् एवढं सगळं करून लोक काय करतात तर दर पाच मिनिटाला छातीवर हात मारून पाहतात. मी माझ्या दुकानात बसल्या बसल्या सांगू शकतो कोणाजवळ पैसे आहेत! हात वळवळत असला तर त्या हातात दुसरं काही द्या, दुपट्टा धरा, तिकीट धरा, शेंगा सोला.

प्रश्न: मी बचत गटाची अध्यक्ष. दर महिन्याला सगळ्या बायांचे पैसे घेऊन बँकेत जा लागते. आम्ही लुगडं-साडीवाल्या, आमाले कुठचं जाकीट? (आर्णी)

ताई, जाकीट तुमच्याजवळ आहेच. कापूस वेचायला जाताना साडीवरून घरच्या माणसाचा फुल बाहीचा शर्ट घालता ना, तोच. त्याच्या आतून, समोरच्या पट्टीच्या मागं डाव्या बाजूला खिसा मारून देतो, वरून शिलाई दिसत नाही कारण पट्टीच्या जुन्या शिलाईवरूनच टाके चालवतो. शर्ट घालून बँकेत जायला लाज वाटत असली तर परकराच्या नाडीत ओवायची चपटी थैली शिवून घ्या, वरून साडीच्या निऱ्या येतात, काही दिसत नाही. फक्त बँकेच्या आत गेल्यावर काढायला आडोसा पाहिजे, म्हणून एका बाईला सोबत नेत जा. तसंही गटाचे पैसे एकटीनं नेऊच नये.

प्रश्न: पोरानं ऑनलाईन पंधरा खिशांचं जाकीट मागवलं, चांगलं असते का? (दिग्रस)

फिरायला जायला चांगलं. पंधरा खिशात पैसे कुठं ठेवले ते तुम्हालाच सापडत नाही, अन् बाहेरून चेनाच चेना दिसतात. दोन चेना उसवून द्या मला, माझ्या कामी येतील.

प्रश्न: माझा पेट्रोल पंप आहे, रिव्हॉल्व्हरचं लायसन आहे. रोकड नेताना बरोबर ठेवतो. जाकिटात आतून खिसा शिवून द्याल का? (पुसद रोड)

नाही भाऊ, हत्यारासाठी खिसा मी शिवत नाही अन् तुम्ही पण दुसऱ्याकडून शिवून घेऊ नका. एक तर शस्त्र नियम २०१६ मधेच आहे की सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमधे (पट्ट्याला लावायचं हत्याराचं कव्हर) किंवा तशाच पिशवीत पाहिजे, पूर्ण झाकलेली पाहिजे अन् तुमच्या ताब्यात पाहिजे. दुसरं, कपड्याच्या खिशात ते फिरतं, उलटं होतं, ट्रिगरमधे चावीचा छल्ला नाहीतर धागा अडकतो. होल्स्टर चामड्याचं चांगलं कडक घ्या, ट्रिगर पूर्ण झाकणारं, अन् जाड पट्ट्यावर लावा.

जाकिटाचं मात्र सांगतो, ते माझं काम आहे. कमरेच्या घेराचं माप होल्स्टर लावूनच घ्या, बिना होल्स्टरचं घेतलं तर बटण लावल्यावर कमरेला टेंगूळ दिसतं. लांबी पट्ट्याच्या खाली वीतभर तरी पाहिजे, कारण मोटारसायकलवर वाऱ्यानं मागचा घोळ उडतो, अन् पंपावर नळी काढायला हात वर केला तरी जाकीट वर जातं. कापड टेरीकॉटचं पातळ नको, ते अंगाला चिकटून सगळा नकाशा दाखवतं. कॉड्रा (कॉर्डरॉय), जाड खादी किंवा लोकर घ्या, वर्ध्याकडची जाडी खादी मला सगळ्यात आवडते. एकरंगीपेक्षा बारीक चौकड्याचं बरं, चौकड्यात उंचवटा हरवतो. खालच्या घडीत दोन-तीन जुनी नाणी शिवून देतो म्हणजे घोळ खाली राहतो. पैसे अन् हत्यार एकाच बाजूला ठेवू नका, पैसे काढताना हत्यार उघडं पडतं. लायसन जवळ ठेवा. अन् निवडणुकीत ठाण्यात जमा करा म्हटलं तर जमा करा.

लग्नाच्या वरातीत कोणी म्हणालं 'एक बार काढा', म्हणजे हवेत गोळी झाडा, तर जागेवरून उठून जा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रश्न: बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांच्या बंडीच्या चोरखिशात जुन्या ५०० च्या सात नोटा निघाल्या. बंडी मला वापरायची आहे, पण खिसा ढिला वाटतो. (नेर)

तो ढिला नाही, तो जुन्या नोटेचा आहे. २०१६ च्या आधीची ५०० ची नोट १६७ बाय ७३ मिलिमीटर होती, आताची १५० बाय ६६. त्या वेळचे सगळे चोरखिसे आता मोठे पडतात, गड्डी आडवी होऊन एका कोपऱ्यात जाते. एका बाजूनं पाऊण सेंटिमीटर अन् बुडातून दीड-पावणेदोन सेंटिमीटर आत शिलाई मारली की झालं. जुनी शिलाई उसवायची नाही, आतून नवी मारायची.

नोटा आता बँक घेत नाही. पण दहापर्यंत जवळ ठेवल्या तर गुन्हा नाही, तुमच्या सातच आहेत. अन् बंडी पूर्ण तपासा, गळ्याच्या पट्टीत अन् पाठीच्या अस्तरात पण बोटं फिरवून पाहा. आमच्या आजीनं आजोबांची एक बंडी भांडेवालीला देऊन स्टीलचं गंज (पातेलं) घेतलं होतं, ते गंज अजून घरात आहे, अन् बंडीत काय होतं ते आजोबांनी मरेपर्यंत आजीला सांगितलं नाही. बंडी घेऊन या, शिलाईचे पैसे घेत नाही.