'लेआउट सेव्ह कर' मराठीत कसं म्हणायचं?

सोलापुरात टॉवेल-चादरींची डिझाइनं संगणकावर करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: नव्या पोरांना फोटोशॉप शिकवताना 'पॅनेलचा लेआउट सेव्ह कर' हे मराठीत कसं सांगावं? (पॅनेल म्हणजे पडद्यावरच्या लेयर, म्हणजे चित्राचे थर, रंग वगैरेंच्या चौकटी.)

लेआउटला खुशाल 'मांडणी' म्हणा. आपल्याकडे लेआउट म्हटलं की आधी एनए प्लॉटच डोळ्यांपुढे येतात. मांडणीत मात्र प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असणं आपसूक येतं; स्वयंपाकघरातली डब्याभांड्यांची मांडणी आठवा. लेयर उजवीकडे, रंग त्यांच्या वर, हात जाईल तिथे हवं ते सापडावं, एवढाच तर खटाटोप असतो. काही जण 'आराखडा' सुचवतात. मला तो पटत नाही. आराखडा काम सुरू होण्याआधीचा असतो.

पॅनेल मात्र पॅनेलच राहू दे. साखर कारखान्याच्या निवडणुकीतलं पॅनेल निराळं, हे पोरांना कळतं. 'फलक' म्हणालात तर पाटी शोधत बसतील.

सेव्हसाठी 'जतन करणे' चांगलं रुळलंय. 'यत्न'पासून आलेला हा शब्द, सांभाळून ठेवण्याचा अर्थ त्यात मुरलेला. बोलताना 'सेव्ह कर' आलं तरी बिघडत नाही, पण काय सेव्ह करायचं ते सांगायलाच हवं. विंडो मेनूत वर्कस्पेस, त्यात न्यू वर्कस्पेस निवडून नाव दिलं की पॅनेलांच्या जागा त्या नावानं राहतात. डिझाइन त्यात येत नाही, त्याची फाइल वेगळी. नुसतं 'सेव्ह केलं' ऐकून पोरगं डिझाइन न साठवताच मशीन बंद करायचं! म्हणून 'मांडणी जतन कर' आणि 'फाइल जतन कर' असं पूर्ण बोला.

खरी अडचण रिसेटची. 'पूर्ववत कर' तोंडात येतं, पण इतर सॉफ्टवेअरच्या मराठी मेनूंत तो शब्द अंडूनं, म्हणजे शेवटची कृती मागे घेण्याच्या आज्ञेनं, आधीच अडवलाय. आणि पॅनेल चुकून सरकलं तर अंडूचं कंट्रोल-झेड दाबून ते जागेवर येत नाही. तिथे रिसेटच लागतो, आणि तो त्या नावानं जतन केलेली मांडणी परत आणतो. तेव्हा 'मांडणी परत लाव' म्हणा. 'विस्कटलेली घडी बसव' हेही चादरवाल्यांना लगेच कळेल, फक्त वहीत लिहून देताना पहिलंच बरं.

फोटोशॉपचा मेनू मराठीत नाही, तेव्हा पहिल्याच दिवशी दाखवून द्या: इथे वर्कस्पेस लिहिलंय ना, ती आपली मांडणी.